मूळ प्रत

पूर्वी मराठी पुस्तकांच्या अखेरीस एक शुद्धिपत्र असे. पान ४७, ओळ ६, ‘मत’ ऐवजी ‘मात’ वाचावे. पान ११२, ओळ १९, ‘दिन’ ऐवजी ‘दीन’ वाचावे. अशी वीस-पंचवीस ओळींची ती यादी. आज ही प्रथा जवळजवळ लोपली आहे. पुस्तके निर्दोष छापली जाऊ लागली हे त्याचे कारण नव्हे, हे चोखंदळ वाचकांना वेगळे सांगायला नको. समजा, असे एखादे शुद्धिपत्र पुस्तकापासून सुटे होऊन वाऱ्याबरोबर तुमच्या अंगणात येऊन पडले, तर त्याचा तुम्हांला काय उपयोग? पुस्तक हाताशी असेल तरच त्या कागदाला अर्थ.

संगणकाच्या व्यवहारात ज्याला ‘अपडेट’ म्हणतात, तो पुष्कळदा असाच शुद्धिपत्राचा कागद असतो. आपली समजूत अशी, की अपडेट म्हणजे जुने काढून त्या जागी कोरे करकरीत नवे बसवणे. प्रत्यक्षात तो लहान आकारात, मंद गतीच्या टेलिफोनच्या तारेवरूनही घरोघर पोहोचावा, म्हणून त्यात केवळ फरक भरलेला असे. अमुक फाइलमधील अमुक जागचे एवढे काढा, तेवढे घाला. ती फाइल मूळ स्वरूपात जागेवर असेल तर दुरुस्ती सुखरूप पार पडते. ती हरवली असेल, बिघडली असेल, किंवा कुणी परस्पर बदलली असेल, तर दुरुस्ती करणारा कार्यक्रम मध्येच थांबतो आणि पडद्यावर एक चौकट उमटते. मूळ सीडी घाला आणि पुढे चला, असा तिचा आशय. खाली दोन बटणे. एक होकाराचे, एक माघारीचे.

या शतकाच्या पहिल्या दशकात ज्यांनी कार्यालयात संगणक हाताळला, त्यांच्यापैकी फारच थोड्यांची या चौकटीशी गाठ पडली नसेल. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ नावाची नवी व्यवस्था आणली. सॉफ्टवेअर बसवणे, दुरुस्त करणे आणि काढून टाकणे ही तिन्ही कामे या एकाच कारभाऱ्याकडे सोपवलेली. काय बसवले, कोठून बसवले, कोणती फाइल कोठे ठेवली, याची नोंद तो ठेवतो आणि बसवलेल्या संचाची एक आटोपशीर प्रत विंडोजच्या पोटातील एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपतो. त्या काळी या प्रतीत बहुधा अनुक्रमणिका तेवढी असे, ग्रंथ नसे. ग्रंथ सीडीवर. म्हणून काही गहाळ झाले की कारभारी वही उघडून पाही, कोठून आणले होते ते वाची, आणि तेथेच बोट दाखवी.

या व्यवस्थेचा एक विशेष असा, की ती स्वतः होऊन दुरुस्तीला लागते. तुम्ही एखादे पत्र लिहावयास कार्यक्रम उघडता; एखादी महत्त्वाची फाइल जागेवर नाही असे त्याला दिसते; तो लिहिणे बाजूला ठेवून दुरुस्ती सुरू करतो आणि सीडी मागतो. तुम्ही नकार दिलात तर बापडा गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००९ च्या पावसाळ्यात मी वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात होतो. तेथील कार्यालयाचे काम एक निवृत्त शिक्षक पाहत. आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणत असू. वयाच्या साठीनंतर ते संगणक शिकले. टंकलेखनाचा हात मूळचाच होता, त्यामुळे मराठी टंकनही त्यांनी आत्मसात केले. बाप्तिस्म्याचे दाखले, दफनभूमीची नोंद, सभांची इतिवृत्ते, देणग्यांच्या पावत्या, सर्व त्यांनी हळूहळू संगणकावर आणले होते. संगणक गावातीलच एका कुवेतस्थित गृहस्थाने भेट दिलेला. सुटीवर आले असता त्यांनी तो रोख पैसे मोजून जवळच्या दुकानातून घेतला आणि टेम्पोत घालून आणून दिला होता.

त्या जुलैत एक अपडेट अर्ध्यावर अडकला. एका नामांकित कंपनीचा लेखन आणि हिशेबाचा संच त्यावर होता. तो त्या दिवसापासून उघडताना मूळ सीडी मागू लागला. आठवडाभराने माझ्या लक्षात आले, की मास्तर दाखले पुन्हा हाताने लिहू लागले आहेत. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे, पण हात थरथरत होता. विचारले तेव्हा म्हणाले, “फादर, माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय. ते रोज माझ्याकडे मूळ प्रत मागतं. मी कुठून आणू?”

बाहेर पाऊस कोसळत होता. मला त्यांच्या बोलण्यातील ‘माझ्याकडे’ हा शब्द खुपला. यंत्र कोणाकडेच काही मागत नाही. त्याला माणूस दिसत नाही. पण चाळीस वर्षे शाळेच्या दप्तराचा हिशेब चोख ठेवलेल्या माणसाला ती चौकट एखाद्या तपासनिसासारखी वाटत होती. त्यात शेजारच्या काही तरुणांनी थट्टा केली होती, मास्तर, तुमच्या वयात कशाला नसत्या भानगडी? शिकवण्याचा ज्यांचा पेशा, त्यांना न येण्याची लाज अधिक वाटते.

आता, अशी चौकट आली असता काय करावे, हे थोडे विस्ताराने सांगतो. कारण जुनी यंत्रे आणि जुने संच अद्याप अनेक संस्थांतून चालू आहेत. पहिली गोष्ट, घाईने माघारीचे बटण दाबू नये. चौकट वाचावी. ती कोणत्या संचाची, कोणत्या आवृत्तीची सीडी मागते, कोणत्या फाइलचे नाव घेते आणि कोणत्या ठिकाणी ती शोधते, हे बहुधा तेथेच लिहिलेले असते. पुष्कळदा अडचण अगदी क्षुल्लक निघते. सीडी पूर्वी ‘डी’ या अक्षराच्या खणात होती. मधल्या काळात कुणी डिस्कचे भाग पाडले आणि तो खण ‘ई’ झाला. सीडी आत असूनही कारभारी जुन्या दारावर थाप मारीत बसतो. तेथे नवा पत्ता दाखवला की काम होते. कधी विक्रेत्याने सीडीतील सर्व मजकूर हार्डडिस्कवर एखाद्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवलेला असतो. त्याकडे बोट दाखवले तरी पुरते.

दुसरी गोष्ट, शेजाऱ्याची सीडी चालेलच असे नाही. नाव तेच, वर्ष तेच, वेष्टनही तेच. पण एक साधी आवृत्ती आणि दुसरी व्यावसायिकांसाठी असेल, तर कारभारी ती नाकारतो. त्याच्या वहीत ज्या संचाचे नाव आहे तोच संच त्याला हवा. ऑफिस २००३ ची ‘एसकेयू०११ डॉट कॅब’ ही फाइल त्या काळी अनेकांनी या सीडीवरून त्या सीडीवर शोधली, ती यामुळेच. वास्तविक त्या आवृत्तीत कंपनीने एक सोय केली होती. बसवतानाच सीडीवरील मूळ मजकूर ‘एमएसओकॅश’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये साठवला जाई, जेणेकरून पुढे सीडीची गरज पडू नये. तथापि हार्डडिस्क भरली की जागा करण्यासाठी लोकांची नजर प्रथम अशा अनोळखी फोल्डरवरच जाई. विंडोजमधील ‘इन्स्टॉलर’ फोल्डरचीही तीच गत. नाव कळत नाही म्हणून निरुपयोगी, असा निकाल लावून तो पुसला जाई आणि सहा महिन्यांनी अपडेट आला की त्याचे परिणाम दिसत. पुसणाऱ्याला ते कधीच दिसत नसत, हा त्यातील विशेष.

तिसरे, ऑफिसच्या त्या जुन्या आवृत्त्यांचे अपडेट लहान आणि मोठ्या अशा दोन रूपांत मिळत. मोठ्या रूपात बदललेल्या फाइली अखंड भरलेल्या असत, त्यामुळे मूळ सीडी बहुधा लागत नसे. मंद जोडणीमुळे लोक लहान रूप पसंत करीत आणि मग सीडी शोधत फिरत. आणखी एक उपाय त्या दिवसांत सर्रास सुचवला जाई. कारभाऱ्याच्या वहीतील नोंदच खोडून टाकणारी एक छोटी सुविधा मायक्रोसॉफ्टने दिली होती. तिने इतर भागांनाही इजा पोहोचते असे दिसल्यावर २०१० मध्ये ती मागे घेण्यात आली. तिच्या जुन्या प्रती अजून कुणाकुणाकडे असतात. त्या वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद खोडल्याने वस्तू सापडत नाही.

मराठी माणसाला तर या मूळ सीडीने आणखी एका दारात अडवले होते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. तिच्यात देवनागरी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमधील भाषांच्या खिडकीत जाऊन एका चौकोनात खूण केली की ती जागी होई, आणि तशी खूण करताच संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांच्या पडद्यावर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. २००७ च्या व्हिस्टापासून ही सोय आधीच जागी असते. दरम्यानच्या वर्षांत कित्येक कार्यालयांनी ‘आपल्या संगणकात मराठी नाही’ असे समजून इंग्रजीत पत्रव्यवहार केला असेल. याची गणती कोण ठेवणार?

मास्तरांच्या संगणकाकडे वळतो. त्यांचाच एक विद्यार्थी अंधेरीला एका कंपनीत संगणकाचे काम करीत असे. रविवारी त्याला बोलावले. तो आला, मास्तरांच्या पाया पडला, खुर्ची ओढून बसला आणि त्याने बटणाला हात न लावता आधी ती चौकट शांतपणे वाचली. मला ते आवडले. मग तो म्हणाला, “सर, तुमच्याकडून काहीच बिघडलेलं नाही. हे बघा, हा कुठून बसवलाय ते इथे लिहिलंय.”

चौकटीत मूळ ठिकाणाचा पत्ता होता. तो सीडीचा नव्हता. ‘जी’ अक्षराच्या एका खणातील, ‘ऑल कस्टमर्स’ नावाच्या फोल्डरचा तो पत्ता होता. आमच्या संगणकाला ‘जी’ खण कधीच नव्हता. दुकानदाराच्या खिशातील फिरत्या हार्डडिस्कवर तो फोल्डर होता, आणि सर्व ग्राहकांना त्याच एका झऱ्याचे पाणी पाजले जात होते. वसंतात जागा मोकळी करून देतो म्हणून त्याच दुकानाचा एक मुलगा येऊन गेला होता. त्याने लपलेला साठाही पुसून टाकला होता. मी कपाटातून पावती काढली. संगणक, एक नग. छपाईयंत्र, एक नग. सॉफ्टवेअरची ओळच तीत नव्हती.

म्हणजे जी मूळ प्रत हरवली म्हणून मास्तर आठवडाभर अन्नाला नीट शिवले नव्हते, ती आमच्याकडे कधी आलीच नव्हती.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. “आयुष्यभर पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगितलं,” ते म्हणाले, “आणि इतकी वर्षं दाखले लिहिले ते कॉपी केलेल्यावर.” त्यांचा विद्यार्थी हसला, मलाही हसू आले, ते स्वतः मात्र हसले नाहीत.

पर्याय दोन-तीन होते. रेल्वे स्थानकाबाहेर पदपथावर तशाच संचाची सीडी चहा-नाश्त्याच्या किमतीत मिळत होती, हे सर्वांना ठाऊक होते. ती आणली असती तर चौकट त्याच संध्याकाळी नाहीशी झाली असती. कुणी तसे सुचवलेही. मास्तरांनी नुसती मान हलवली आणि तो विषय तेथेच संपला. अधिकृत संच विकत घ्यावा, तर त्याची किंमत कार्यालयाच्या कित्येक महिन्यांच्या खर्चाएवढी. शेवटी त्या तरुणाने ‘ओपनऑफिस’ सुचवले. त्याची तिसरी आवृत्ती २००८ च्या ऑक्टोबरात आली होती. ते विनामूल्य मिळे, वाटण्यास मोकळीक होती, आणि अपडेट म्हणून अखंड नवी आवृत्तीच उतरवून घेता येई. त्याची मूळ प्रत ज्याला हवी त्याला हवी तेव्हा मिळते, त्यामुळे ती कुणी कुणाकडे मागण्याचा प्रश्नच उरत नाही. २०१० च्या सप्टेंबरात त्याच कुळातून ‘लिब्रेऑफिस’ निघाले आणि पुढे आम्ही त्यावर गेलो. ज्या संस्थांना पैशाची ओढाताण आहे, त्यांनी आधीपासूनच हा मार्ग का धरू नये, हे मला आजही उमगत नाही. सवय हे एक कारण. आणि दुकानदार तेच बसवून देतो, हे दुसरे.

बदल सोपा नव्हता. तक्त्यांच्या रेघा सरकल्या, छपाईत दाखल्याचा तळ कापला जाऊ लागला, ओळखीची बटणे नव्या जागी गेली. सहासष्टाव्या वर्षी मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले. त्यांनी एक वही केली आणि प्रत्येक कृती स्वतःच्या शब्दांत लिहून काढली. ऑगस्टच्या मध्यास एका मुलीला परिचारिकेच्या नोकरीसाठी परदेशी जायचे होते. तिच्या पारपत्राच्या कागदांसाठी दाखला तातडीने हवा होता. तो त्यांनी नव्या संचावर छापून दिला. दाखला हाती देताना त्यांनी तिला तो दोनदा वाचून पाहण्यास सांगितले. मुलगी बुचकळ्यात पडली. त्यांनी मात्र तिने वाचून होईपर्यंत खुर्चीवरून हालचाल केली नाही.

राहिला प्रश्न कुवेतच्या त्या गृहस्थांचा. त्यांनी भल्या मनाने दिलेल्या वस्तूत खोट आहे, हे त्यांना सांगावे की सांगू नये? गावातील वडीलधाऱ्यांचे मत पडले, की दानाच्या गाईचे दात मोजू नयेत. मला ते पटले नाही. त्यांची फसवणूक झाली होती, आणि फसवला गेलेला माणूस अंधारात राहिला तर तो पुन्हा त्याच दारात जातो. डिसेंबरात ते सुटीवर आले. मी पावती आणि त्या चौकटीची टिपून ठेवलेली ओळ त्यांच्यापुढे ठेवली. चेहरा उतरला. “फादर, गावातल्या शाळेला दिला तोही तिथूनच,” ते म्हणाले, “आणि घरचा पण.” दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. तेथे मोबाइलची आवरणे विकली जात होती. संगणकवाला गाळा सोडून गेला होता. त्यानंतर त्यांनी शाळेसाठी रीतसर परवान्याचे संच घेतले, आणि बिलात प्रत्येकाची वेगळी ओळ लिहून घेतली.

८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोहोंचा आधार कंपनीने काढून घेतला. त्यांच्यासाठी नवी शुद्धिपत्रे निघणे थांबले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपना सीडीसाठी खाचच नसते; संच इंटरनेटवरून उतरतात आणि त्यांचे अपडेटही तेथूनच येतात. तरुण वाचकांना ती चौकट कधी दिसणारही नाही. तथापि मूळ प्रतीची गरज संपली, असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये. ती आता आपल्या कपाटात न राहता विकणाऱ्याच्या घरी राहते, एवढाच फरक. सांकेतिक शब्द विसरला, खाते बंद पडले, वर्गणी थकली, तर ती मागायची कोणाकडे?

आपल्या भाषेपुरता तर हा प्रश्न मुळीच जुना झालेला नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते, पण आपल्या कार्यालयांत, छापखान्यांत आणि नियतकालिकांत पुढे कित्येक वर्षे श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचेच राज्य होते. त्यांपैकी प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. त्या फाँटवाचून आजच्या संगणकावर ती फाइल उघडली, की सबंध पान रोमन अक्षरांच्या अर्थहीन रांगांनी भरून जाते. काही प्रणालींना तर छपाईयंत्राच्या जागी लावायचे एक लहानसे कुलूप लागे; ती जागाच नव्या यंत्रांत उरलेली नाही. १९९० च्या दशकातील स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, भाषिक शब्दसंग्रह, लोकगीतांची संकलने अशा फाइलींत पडून आहेत. छापील प्रत वाळवीने खाल्ली असेल तेथे ही फाइलच काय ती उरली. तिला वाचा देणारी सीडी किंवा फ्लॉपी मात्र साफसफाईत गेली.

मास्तरांनी त्या वर्षी पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा रिकामा केला होता. मिळतील तितक्या सीडी त्यांनी कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यात ठेवल्या. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागदी वेष्टनांना बुरशी लागे, म्हणून वेष्टने काढून टाकली आणि पंचवीस अक्षरांचे परवाना-क्रमांक वहीत उतरवून घेतले. प्रत्येक सीडीसमोर संचाचे नाव, आवृत्ती, घेतल्याची तारीख, पावतीचा क्रमांक. एक प्रत हार्डडिस्कवर, तिचाही पत्ता वहीत. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ते आता हयात नाहीत. गेल्या वर्षी शेजारच्या गावातील एका ग्रंथालयाची कार्यकर्ती त्या कार्यालयात आली. १९९८ च्या स्मरणिकेची फाइल तिच्यापाशी होती, पण उघडल्यावर एकही अक्षर वाचता येत नव्हते. नव्या कारकुनाने मला फोन केला. मी त्याला वरच्या फळीवरचा डबा उघडावयास सांगितले. वहीच्या नवव्या पानावर त्या फाँटची नोंद निघाली, आणि पावतीच्या रकान्यात मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : ‘रीतसर घेतलेली. बिल खालच्या खणात.’